किंचित डावीकडे

ऑफिसात सगळे त्यांना किंचितराव म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना वाईट वाटलं नसतं. कारण वाईट वाटायला आधी समोरचा चेष्टा करतोय हे लक्षात यावं लागतं, आणि त्या बाबतीत देवाने त्यांना जरा हात आखडूनच दिलं होतं. कुठलीही वस्तू आहे तशी राहू देणं त्यांना जमायचंच नाही. दार उघडं दिसलं की ते किंचित लोटायचे, लोटलेलं दिसलं की किंचित उघडायचे, आणि मग दोन पावलं मागे येऊन, मान तिरपी करून, काही फरक पडला का ते न्याहाळायचे. लिफ्टमधल्या आरशापासून साहेबांच्या टेबलावरच्या पेनस्टँडपर्यंत त्यांच्या बोटांतून काही म्हणून सुटलं नव्हतं.

गंमत अशी की या खोडीचाच त्यांना पगार मिळायचा. एका उंच इमारतीचा सगळा गारवा त्यांच्या ताब्यात होता. तळघरात कॉम्प्रेसर, गच्चीवर भलेमोठे पंखे आणि मधल्या मजल्यांमधून फिरणारे पाण्याचे पाइप. गच्चीवरचे पंखे जोरात फिरवले की पाणी जास्त गार होऊन खाली येतं आणि कॉम्प्रेसरचे कष्ट वाचतात. पण पंखेही काही नुसती हवा खाऊन जगत नाहीत, त्यांनाही वीज लागते. पंखे हळू केले की सगळं उलट होतं. या दोहोंच्या मधे कुठेतरी अशी एक गती असते की दोन्ही मिळून वीज सगळ्यात कमी लागते. ती नेमकी कुठली हे कुणालाच सांगता येत नाही, कारण सकाळी ढग आले की ती बदलते आणि दुपारी ऊन पडलं की पुन्हा बदलते.

ती गती हुडकायला किंचितरावांनी एक खोका बसवला होता. खोक्याला ऊन म्हणजे काय, ढग म्हणजे काय, काही ठाऊक नव्हतं. तो पंखा किंचित वाढवायचा आणि विजेच्या मीटरकडे बघायचा. आकडा उतरला तर त्याच दिशेने आणखी किंचित. चढला तर उलट. आंघोळीला गेलेला माणूस नळ जरा इकडे, जरा तिकडे करत सोसवेल असं पाणी शोधतो, तसलाच प्रकार. फरक एवढाच की माणसाला हवं तसं पाणी मिळालं की तो ते अंगावर घेतो, आणि खोका मात्र नळ फिरवतच राहतो. सापडलेली जागा अजून तिथेच आहे की सरकली, हे हलवून बघितल्याशिवाय कळणार कसं, असं किंचितराव म्हणायचे.

खोका चालला. झकास चालला, हे मान्य केलं पाहिजे. साहेबांनी सगळ्यांसमोर किंचितरावांची पाठ थोपटली, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या, आणि तिथेच घात झाला. एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस सहसा आपणहून उतरत नाही. जगातली प्रत्येक गोष्ट किंचित हलवून, आकडा बघून, सुधारता येते असं किंचितरावांनी मनाशी पक्कं केलं, आणि झाडावरून उतरले ते थेट स्वतःच्या घरात.

घरात बायको होती. ती कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि गिऱ्हाइकांचं येणंजाणं असायचं. किंचितरावांनी तिच्या दिव्याची उंची बदलली, मशीनचा कोन बदलला, चहातली साखर रोज चिमूटभर इकडेतिकडे केली. तिने पुष्कळ सोसलं. मग एकदा दातांत धरलेल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "अहो, मी माप एकदा घेते, कापते आणि मोकळी होते. तुमच्यासारखं रोज किंचित किंचित करत बसले असते, तर निम्मं गाव उघडं फिरलं असतं." किंचितराव मनापासून हसले. तिला विषय समजलेला नाही, एवढंच त्यांना त्यातून समजलं.

या घरात थंडीच्या सुरुवातीला आप्पा राहायला आले.

आप्पा म्हणजे किंचितरावांचे वडील. जन्मभर घड्याळजी. डोळे थकले होते, पण कान अजून असे की शेजारच्या घरातलं घड्याळ मागे पडतंय हे ते भिंतीपलीकडून सांगायचे. आई गेल्यावर त्यांनी एकटं राहू नये असं दोन्ही मुलांना वाटत होतं. ताई, म्हणजे किंचितरावांची थोरली बहीण, दुसऱ्या गावी असायची. तिचंही म्हणणं होतं की आप्पांनी तिच्याकडे यावं. शेवटी असं ठरलं की थंडी धाकट्याकडे काढायची, आणि ती सरली की कायमचं कुठे राहायचं ते आप्पांनी स्वतः सांगायचं.

किंचितरावांचा जीव यात किती अडकला होता हे कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी दुकानात काही नाजूक काम निघालं की आप्पा ताईला हाक मारायचे. ताई चिमटा धरून उभी राहायची, आप्पा डोळ्याला भिंग लावून वाकायचे, आणि दारातून डोकावणाऱ्या धाकट्याला सांगितलं जायचं, "तू हात लावू नकोस." सांगणं रास्तच होतं, कारण याने हात लावलेलं घड्याळ पुढे आठवडाभर कुणाचंच ऐकायचं नाही. पण ते वाक्य किंचितरावांच्या छातीत रुतून बसलं होतं. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी ते निघालेलं नव्हतं. आप्पांनी एकदा, एकदाच, ताईला सोडून आपल्याला निवडावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि हे आप्पांना सांगावं असं काही त्यांना सुचलं नाही. त्यांना सुचलं ते असं, की आप्पांना इथे जास्तीत जास्त सुखी करणारी जागा शोधून काढावी.

आता शोधायचं म्हणजे आधी आकडा हवा. ताटात किती उरतं ते बघावं, तर आप्पा कसंही झालेलं जेवण ताट पुसून संपवायचे. झोप बघावी, तर रात्रभर घोरून सकाळी डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून सांगायचे. हसू बघावं, तर कवळी वाटीत. किंचितराव अगदी रडकुंडीला आले होते. आणि अशातच एका संध्याकाळी, खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसलेले आप्पा सहज म्हणाले, "ताईकडे खिडकीतून झाड दिसतं."

किंचितरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणसाला दुसरं घर कधी आठवतं? या घरात काही खुपलं की. म्हणजे आप्पा ताईचं नाव जितक्या वेळा काढतील, तितकं त्यांना इथे खुपतंय. ते नाव कमी कमी होत बंद झालं की आप्पा सुखी. इतका साधा, इतका स्वच्छ आकडा. दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीच्या पहारेकऱ्याकडून आलेगेले मोजायचं बटण मागून आणलं. दाबलं की टिक व्हायचं आणि आकडा एकाने पुढे सरकायचा. रोज सकाळी आकडा शून्यावर आणून ते कायम खिशात, आणि खिशात कायम अंगठा.

हलवायला सुरुवात झाली ती खुर्चीपासून.

"काय रे, काय करतोयस?" आप्पांनी खुर्चीच्या हातांना घट्ट धरत विचारलं.

"काही नाही आप्पा. किंचित डावीकडे घेतो."

"मला इथून खिडकी दिसते."

"खिडकीतून समोरची भिंतच तर दिसते."

"भिंत का होईना. ऊन आलं गेलं कळतं. ताईकडे तर दोन्ही बाजूंनी ऊन येतं."

टिक.

आप्पांनी मान वळवली आणि मुलाच्या खिशाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची आणखी किंचित डावीकडे गेली. त्या संध्याकाळी ताईचं नाव जरा कमी निघालं. किंचितरावांना गहिवरून आलं. दिशा बरोबर होती. मग त्यांनी एकदा, नियम म्हणून, खुर्ची उजवीकडे घेऊन बघितली. नेमका त्याच दिवशी ताईचा फोन आला आणि आप्पा जेवण होईपर्यंत तिच्याबद्दलच बोलत राहिले. खिशात टिकटिक नुसती बरसली. झालं, उजवी बाजू कायमची बाद. त्यांच्या धंद्याचा पहिलाच धडा असा आहे की हलवल्यावर थांबायचं. पाणी पाइपातून फिरून येईपर्यंत मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. किंचितराव हा धडा इतरांना फार तळमळीने शिकवायचे. घरी थांबायला मात्र त्यांना सवड नव्हती, कारण थंडी सरत चालली होती.

इकडे ऑफिसात वेगळंच रामायण घडलं. पंख्यांवर समाधान न मानता किंचितरावांनी खोक्याच्या हाती मजल्यांवर जाणारं गार पाणीही दिलं. खोक्याने पाणी किंचित कोमट केलं. तळघरातला मीटर उतरला. आणखी कोमट केलं, आणखी उतरला. पंख्यांच्या बाबतीत मधे कुठेतरी तळ होता, इथे तळच नव्हता, नुसती घसरगुंडी होती. खोका खूश, किंचितराव त्याहून खूश. बंद काचांमागे, थंडीच्या दिवसांतही, वर बसणाऱ्यांचे सदरे पाठीला चिकटले तेव्हा त्यांनी आधी तक्रारी केल्या. तक्रारीला आकडा नसल्यामुळे ती तळघरापर्यंत पोचली नाही. मग ज्याने त्याने घरून टेबलफॅन आणला आणि आपापल्या मजल्यावरच्या प्लगमध्ये खुपसला. त्या विजेचा मीटर निराळा. खोक्याला तो दिसतच नव्हता.

एके दिवशी साहेबांनी किंचितरावांना वर बोलावलं. साहेबांच्या टेबलावर एक छोटा गुलाबी पंखा घरघरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून साहेबांनी त्यांच्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"पंखा, सर."

"कुणाचा?"

"मुलीचा असावा, सर. रंगावरून."

"तुमच्या खोक्याचा आहे हा. सगळ्या इमारतीत आहेत. एकूण वीज वाढली आहे, आणि तुम्ही मला दर आठवड्याला बचतीचा आलेख पाठवताय."

किंचितरावांना चूक तिथल्या तिथे कळली. हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढे त्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखं फारसं काही नाही. त्यांनी पाणी पूर्ववत केलं, खोक्याला लगाम घातला, आणि हाताखालच्या मंडळींना गोळा करून त्याच विषयावर भाषण दिलं. "आपण काय मोजतो ते आधी बघा," ते म्हणाले. "मीटर खाली गेला म्हणजे वरचा माणूस सुखात आहे असं नाही. कदाचित त्याने आपल्याला सांगणं सोडलं असेल." भाषण खरंच चांगलं झालं. एकाने तर ते लिहून घेतलं. मग किंचितराव घरी आले आणि त्यांनी आप्पांची खुर्ची किंचित डावीकडे सरकवली.

खुर्ची आता बरीच सरकली होती. खिडकी मागे राहिली, दिवा मागे राहिला, रेडिओ तर कधीच मागे राहिला होता. तिचा एक पाय चपलांच्या मांडणीला टेकला होता, आणि बाहेरचं दार उघडलं की ते आप्पांच्या गुडघ्याला लागायचं. बायकोकडे येणारं गिऱ्हाईक आधी आप्पांना नमस्कार करायचं, मग आप्पा पाय वर घ्यायचे, मग गिऱ्हाईक चपला काढायचं.

"अहो, आप्पांना तिथे वारं लागतं," बायको म्हणाली.

"वारं लागतं असं तुला वाटतं. आकडा काय म्हणतो ते बघ." त्यांनी बटण तिच्यासमोर धरलं. त्यावर शून्य होतं. "आठवडा झाला, ताईचं नावही काढलेलं नाही त्यांनी. एकदाही नाही."

"ते तर हल्ली कशाचंच नाव काढत नाहीत. तुम्ही विचारलंत का त्यांना?"

"विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटेल तेच सांगतो. म्हणून तर मोजायचं."

बायकोने कात्री उचलली, त्यांच्याकडे बघितलं आणि मग ती कापडातच चालवली.

शून्य मिळाल्यावरही किंचितराव थांबले नाहीत. शून्य अजून तिथेच आहे ना, हे बघायला ते खुर्ची रोज बोटभर पुढे, बोटभर मागे करत राहिले. आप्पा आता विचारतही नव्हते. मुलगा जवळ आला की ते आपणच उठून भिंतीला धरून उभे राहायचे आणि खुर्ची हलवून झाली की पुन्हा बसायचे. किंचितरावांना हे फार समजूतदारपणाचं वाटलं. आपलं आणि आप्पांचं इतकं चांगलं आयुष्यात कधी जमलं नव्हतं, असं त्यांनी ऑफिसात दोघांना सांगितलं.

थंडी सरली आणि ताई आली. किंचितरावांनी नवा सदरा घातला होता. आप्पा काय सांगणार हे त्यांना माहीत होतं, फक्त ते ताईसमोर ऐकायचं होतं. ताई येऊन टेकते न टेकते तोच आप्पा आत गेले आणि आपली बॅग घेऊन बाहेर आले. ती आधीच भरलेली होती. पट्टासुद्धा आवळलेला होता.

"चल," आप्पा ताईला म्हणाले.

किंचितरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "आप्पा, कुठे? तुम्ही तर ताईचं नाव घेणंसुद्धा सोडलं होतं."

"घेतलं की तुझ्या खिशात वाजायचं."

आप्पांनी बॅग खाली ठेवली.

"जन्मभर टिकटिक ऐकत बसलोय मी. घड्याळ असं वाजत नाही. हे फक्त तिचं नाव काढलं की वाजायचं, आणि वाजलं की दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची सरकायची. मला वाटलं, तिचं नाव काढलेलं तुला खपत नाही. म्हणून सोडलं." आप्पांनी खुर्चीकडे बोट केलं. "तरी खुर्ची सरकायची थांबली नाही. मग मी बघितलं ती कुठे चाललीय. दाराकडे चालली होती, बाबा. रोज जरा जरा. तोंडाने जा म्हणायला तुला जड जात असेल, हे समजण्याइतकं मला कळतं."

किंचितरावांनी खुर्चीकडे बघितलं. इतके दिवस त्यांनी आकडा बघितला होता. खुर्ची उंबरठ्याला लागून, बाहेर तोंड करून, चपलांच्या रांगेत उभी होती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, आणि ते सगळं एकदम तोंडाशी आलं. पंखे, मीटर, तळ, किंचित, सगळं. बाहेर पडलं ते एवढंच, "मी तर तुम्ही इथेच राहावं म्हणून करत होतो."

"मग तसं म्हणायचंस," आप्पा म्हणाले.

म्हणायचं होतं ते म्हणायला अजूनही वेळ होता. ताई मुद्दाम चपला घालायला उशीर लावत होती, बायको डोळ्यांनी खुणावत होती. पण मनातलं सरळ म्हणायची किंचितरावांना सवयच नव्हती, आणि ते खिशातलं बटण चाचपत राहिले. आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बॅग ताईच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागले. दार वाऱ्याने आणखी उघडून रिकाम्या खुर्चीला लागलं.

पुढे बरेच दिवस किंचितरावांनी कशालाच हात लावला नाही. पेनस्टँड जागच्या जागी राहू लागला तेव्हा साहेबांनी त्यांना बरं नाही का म्हणून विचारलं. बटण त्यांनी पहारेकऱ्याला परत केलं. खुर्ची मात्र दाराशीच होती, आणि गिऱ्हाइकं तिच्यावर पिशव्या ठेवायला लागली होती. मग एका रविवारी त्यांनी ती उचलली आणि एका दमात, कुठेही न थांबता, खिडकीपाशी नेऊन ठेवली. बायको मशीन थांबवून बघत होती. ती चहा टाकायला उठली, आणि त्याच वेळी ताईचा फोन आला.

"काय सांगू तुला," ताई म्हणाली. "आप्पांनी नुसता पिच्छा पुरवलाय. सकाळी उठल्यापासून तुझंच नाव. तो चहा असा करतो, त्याच्याकडे शेजारचं घड्याळ मागे पडतं, त्याची बायको असं शिवते. माझ्याकडे झाड दिसतं खिडकीतून, तर म्हणतात त्याच्याकडे भिंत बरी होती, ऊन कळायचं."

एखादं नाव वारंवार निघण्याचा अर्थ काय, हे त्यांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

"मग तू काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"काय करणार? ऐकते."

किंचितरावांनी खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "त्यांना फोन दे."

फोन इकडून तिकडे गेल्याची खुडबुड झाली आणि आप्पांचा श्वास ऐकू आला. सवय किंचितरावांना अजूनही नव्हती, पण या वेळी ते सरळ बोलले. "आप्पा, इथे राहायला या. मला तुम्ही हवे आहात."

पलीकडून ताईच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं.

"खुर्ची कुठे आहे?" आप्पांनी विचारलं.

"खिडकीपाशी. होती तिथेच."

"होती तिथेच ना?"

"हो."

"मग आता तिला हात लावू नकोस," आप्पा म्हणाले. "मी येऊन बघतो."

किंचितरावांनी खुर्चीकडे बघितलं. ती अगदी थोडी तिरपी झाली होती. त्यांनी फोन खांद्याने कानाशी धरला आणि दोन्ही हात खिशात घातले.